विदर्भात बसून वैरी किनारा रचताना: काल्पनिक जग लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

काल्पनिक जगाच्या कथा-कादंबऱ्या लिहिणारी आपल्याकडची मुलं-मुली गेली काही वर्षं माझ्याकडून नकाशे काढून घेतात. कोणी मेहकरचं, कोणी आर्वीचं, कोणी मूल गावचं नाहीतर देसाईगंजचं. त्यांच्या लिखाणात जंगल, नदी, जत्रा, दुष्काळ हे सगळं झकास उतरतं. मग नायिका समुद्राशी पोचते आणि सगळं फुसकं होतं. काळे कडे, वादळ, दाट धुकं, भोवरे, फुटलेली गलबतं, दलदल, सगळं एकाच पानावर. वाचणारा घाबरत नाही, कारण तिथं काहीच कशामुळे घडत नसतं.

यात मुलांचा दोष नाही. आपल्यापासून समुद्र रस्त्यानं शेकडो किलोमीटर. पण किनारा रचायला लागणारं बरंच सामान गावाच्या आसपासच पडलेलं आहे, ते कुठं आणि कसं पाहायचं एवढंच सांगायचं आहे. माझी एक अट मात्र आधीच ऐकून घ्या: किनाऱ्यावरच्या प्रत्येक धोक्याला एक कारण हवं, एक वेळ हवी, आणि तो धोका ओळखून असलेला एक तरी माणूस हवा. तिन्हीपैकी एक जरी सुचत नसेल तर तो धोका खोडा.

जवळ काय काय असावं

- चौकटीचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, किनारा शेवटपर्यंत हलत राहतो.
- तिथी दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर. हे सगळ्यात महत्त्वाचं, का ते तिसऱ्या पायरीत येईल.
- मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा. नामिबियाचा किनारा, कच्छचं रण, सुंदरबन आणि आपलं कोकण हे चार भाग आधी पाहून ठेवा.
- शाळेची जुनी भूगोलाची पुस्तकं. रद्दीत दिली असतील तर धाकट्या भावंडांची मागा.
- जवळच्या धरणाच्या काठावर उन्हाळ्यातली एक सकाळ.

१. आधी खडक ठरवा

नवखे लेखक आधी लाटा लिहितात. तुम्ही खडकापासून सुरू करा, कारण कडा उभा राहणार की कोसळणार, गुहा होणार की नाही, बोट कुठं लागणार, हे सगळं खडक ठरवतो.

पश्चिम विदर्भात बसला असाल तर पायाखाली बेसाल्ट आहे, कोकणाच्या किनाऱ्यावर आहे तोच. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, आणि मधेमधे कुठं तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा. रस्त्यासाठी फोडलेल्या घाटात हा पट्टा सहज दिसतो. समुद्र असा कडा सगळीकडून सारखा खात नाही. मऊ पट्टा आधी कोरला जातो, वरचा कठीण थर अधांतरी लटकतो आणि एक दिवस आख्खा खाली येतो. कडा मागे सरकतो, पायथ्याशी सपाट खडकाचा ओटा उरतो. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तो पाहायला मिळतो. ही वाट ओहोटीलाच चालता येते. भरतीला तिथं उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

लाव्हा हळूहळू थंड होत गेला तर त्याचे सहा-पाच कोनांचे खांब होतात. यवतमाळ जिल्ह्यात वणी-झरीकडे असे खांब आढळले आहेत, उत्तर आयर्लंडमध्ये तर समुद्रात उतरणारा त्यांचा पायऱ्यांसारखा आख्खा किनाराच आहे.

राजुरा-कोरपना भागात चुनखडी आहे, म्हणून तिकडे सिमेंटचे कारखाने. चुनखडी पाण्यात विरघळते. तिच्या किनाऱ्यावर भुयारं आणि गुहा होतात, आणि गोड्या पाण्याचे झरे थेट समुद्राच्या तळातून उसळू शकतात. पूर्वेकडे भंडारा-गडचिरोलीच्या भागात जुना, टणक, गोलसर घासलेला खडक. त्याचा किनारा उंच नसला तरी पाण्याखाली सुळके ठेवतो.

यातला एकच मुख्य खडक घ्या. समजावून सांगायला मी इथं एक किनारा सोबतच रचत जातो, त्याला करवती किनारा म्हणू. खडक खांबांचा बेसाल्ट. खांब कोसळून पाण्याखाली अर्धवट उभे, म्हणून करवत.

इथं हमखास होणारी चूक: टोक आणि खाडी दोन्हीकडे सारख्याच लाटा लिहिणं. उथळ पाण्यात लाटा वळतात. पुढे आलेल्या टोकावर त्यांचा मारा एकवटतो, आतल्या बाकात तो पसरून सौम्य होतो आणि तिथं वाळू साठते. म्हणून गाव बाकात, आणि बुडालेली गलबतं टोकाशी.

२. वारा, प्रवाह आणि धुकं

धुक्याबद्दल आपण विदर्भातली माणसं हमखास चुकतो. आपली धुई हिवाळ्यातली. रात्री जमीन थंड होते, हवा शांत असते, पहाटे धुई उतरते, आणि ऊन चढलं किंवा वारा सुटला की गेली. समुद्रावरचं धुकं वेगळ्या रीतीनं होतं. उबदार, ओलसर हवा थंड पाण्यावरून सरकते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुकं होतं. ते वाऱ्यासोबत चालत येतं, भर दुपारीही येतं. 'वारा सुटला आणि धुकं पांगलं' हे वाक्य अशा किनाऱ्यावर उलटं लिहावं लागेल: वारा सुटला आणि धुकं आलं.

याचं खरं उदाहरण म्हणजे नामिबियाचा सांगाडा किनारा. दक्षिणेकडून बेंग्वेलाचा थंड प्रवाह येतो, खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यामुळे पाऊस जवळजवळ नाही, धुकं भरपूर, आणि समुद्राला लागूनच वाळवंट. थंड पाण्यात अन्न भरपूर असल्यानं मासे उदंड, मासे आहेत म्हणून सीलचे कळप. म्हणजे पाण्यात रेलचेल आणि काठावर तहान. जहाज फुटून वाचलेला माणूस काठावर येऊन मरतो. एकाच थंड प्रवाहातून धुकं, वाळवंट, मासे आणि मरण निघालं. तुमचीही साखळी अशी एका कारणातून निघाली पाहिजे. थंड धुकं आणि हिरवंगार पावसाळी जंगल एकाच जागी ठेवलं असेल तर दोघांपैकी एकाला हलवा.

शिडाच्या गलबताला सगळ्यात मोठी भीती वादळाची नसते. समुद्राकडून जमिनीकडे सतत वाहणारा वारा जास्त घातक. गलबत किनाऱ्याच्या फार जवळ आलं की वारा त्याला खडकाकडे ढकलत राहतो आणि वाऱ्याच्या तोंडावर शिड काढून बाहेर पडायला जागाच उरत नाही. आकाश निळं, ऊन पडलेलं, आणि तांडेलाच्या, म्हणजे गलबत हाकणाऱ्या प्रमुखाच्या, तोंडचं पाणी पळालेलं, हा प्रसंग वीज-गडगडाटापेक्षा कितीतरी जास्त अंगावर येतो.

करवती किनाऱ्यावर: थंड प्रवाह, समुद्राकडून वारा, दुपारी धुकं, पाऊस नाही.

३. भरती-ओहोटी: इथं वेळ द्या

बाकीच्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालेल, ही नको. किनाऱ्याला वेळापत्रक देणारी गोष्ट हीच, आणि कथेला ताण लागतो तो वेळापत्रकातून.

साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणजे दिवसाला दोनदा, आणि रोज ती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तो भरतीचा वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्रीही. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण कथेला पुरेसा आहे. महिनाभर रोज सकाळी चहाच्या वेळी हा हिशेब करा. समुद्र न पाहताही त्याची लय अंगात भिनते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती लेखकाच्या फार कामाची आहे. एका ठरावीक जागी उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते. कोकणात ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. म्हणजे पाणी सगळ्यात खाली जातं ते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. तुमच्या किनाऱ्यावर एखादी गुप्त वाट फक्त सगळ्यात मोठ्या ओहोटीला उघडत असेल, तर ती पंधरवड्यातून दोनतीन दिवसच आणि तेही पहाटे किंवा संध्याकाळीच उघडेल. भर दुपारी ती उघडी दाखवायची असेल तर तुमच्या जगातलं उधाणाचं घड्याळच वेगळं ठरवा, चालतं. पण एकदा ठरवलं की प्रत्येक प्रकरणात पाळा.

पाणी चढतं तेही एका चालीनं नाही. भरतीचे सहा तास धरा आणि एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. सहा मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात पाणी अर्धाच मीटर चढेल, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दीड-दीड मीटर. परका माणूस पहिल्या तासाचा वेग पाहून हिशेब करतो, आणि तिथंच फसतो.

उंचीबरोबर अंतरही मोजा. किनारा इतका सपाट असेल की पाचशे मीटर चाललं की एक मीटर उतार, तर पाच मीटरच्या भरतीत अडीच किलोमीटर जमीन दिवसातून दोनदा उघडी पडते आणि दोनदा नाहीशी होते. अशा सपाटीवर पाणी समोरून भिंतीसारखं येत नाही. आधी बारीक ओहळ भरतात, तेही तुमच्या पाठीमागचे. तुम्ही उभे असता ती जागा कोरडीच असते, परतायची वाट मात्र गेलेली. इंग्लंडच्या मोरकम उपसागरात फेब्रुवारी २००४ मध्ये शिंपले गोळा करणारे वीसहून जास्त मजूर असेच रात्री अडकून बुडाले. ते दुसऱ्या देशातून आलेले, नवखे होते. त्याच उपसागरात सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो, लोकांना वाळूवरून पार नेणं हे त्याचं काम. जागा तीच, पाणी तेच. एकाच्या रोजच्या पायाखालचं, दुसऱ्याचा काळ. तुमची अर्धी कादंबरी या दोघांच्या मधल्या अंतरात आहे.

दोन चंद्रांचा मोह सगळ्यांनाच होतो. हरकत नाही, पण ओढीचा हिशेब ठेवा. तेवढाच चंद्र निम्म्या अंतरावर आणला तर भरतीची ओढ दुप्पट होत नाही, आठपट होते. दोन चंद्रांचे फेरे वेगळे असतील तर ते एका रेषेत येण्याचे दिवस मोजके असतील, आणि त्या जगातल्या लोकांचं पंचांग, सण, लग्नाचे मुहूर्त सगळे त्या दिवसांभोवती फिरतील. आपल्याकडे पोळा जसा शेतीच्या कामाशी बांधलेला आहे, तसा त्यांचा एखादा सण महाउधाणाशी बांधा.

करवती किनाऱ्यावर: सात मीटरचं उधाण. मोठ्या ओहोटीला करवतीचे दात दिसतात, भरतीला झाकले जातात. म्हणजे पाणी जितकं जास्त तितका धोका जास्त, कारण तो दिसत नाही.

४. चिखल, नदीचं मुख आणि पिण्याचं पाणी

इथं धरणाची सकाळ कामी येते. मे महिन्यात ऊर्ध्व वर्धा, काटेपूर्णा, इटियाडोह, जे जवळ असेल तिथं जा. पाणी उतरत गेल्याच्या रेषा काठावर एकाखाली एक दिसतील. वाऱ्याच्या तोंडावरचा काठ लाटांनी कापलेला असेल, आडोशाचा काठ सौम्य. नाला जिथं धरणात शिरतो तिथं गाळाचा पंखा पसरलेला दिसेल. आणि काठाच्या गाळावर वाळलेली पपडी असेल. पपडीवर चालून पाहू नका, काठी खुपसून पाहा. वरून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. ढोरं फसतात ती अशाच जागी. मासे धरणारे ढीवर भाऊ काठावर भेटले तर त्यांना विचारा की पाय कुठं ठेवायचा हे कसं ओळखता. ते जे सांगतील ते तसंच्या तसं तुमच्या पात्राच्या तोंडी घाला, कुठल्याही पुस्तकात इतकं नेमकं मिळणार नाही.

नदीच्या मुखाशी दोन गोष्टी ठेवा. एक म्हणजे गाळाचा आडवा बांध, जो दरवर्षी जागा बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा नकाशा यंदा मारक. दुसरी, निमुळत्या मुखात भरतीची पाण्याची भिंत होऊन उलटी नदीत शिरणं. बंगालमध्ये हुगळी नदीत अशी लाट येते.

तिवरांचं (मॅन्ग्रोव्हचं) जंगल हवं असेल तर थंड वाळवंटी किनाऱ्यावर नको, उबदार आणि चिखलाच्या खाडीत ठेवा. श्वास घेणारी मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, तिथं पळता येत नाही.

पाणी असूनही पिता येत नाही, हे दुःख अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या किनाऱ्यावरच्या गावाला ते द्या. वाळूच्या टेकड्यांखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते असू शकतं. पण उपसा जास्त झाला की खालून खारं वर येतं आणि विहीर बिघडते. म्हणजे परक्यांच्या पलटणीनं दोन आठवडे तळ ठोकला, घोड्यांना पाणी पाजलं, एवढ्यानंही गाव उजाड होऊ शकतं. तलवार उपसायची गरज नाही.

लोणार सरोवराचं पाणी २०२० च्या उन्हाळ्यात गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्म जीव वाढले. समुद्रापासून तुटून मागे राहिलेल्या खाजणाला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीला, हा रंग द्यायला हरकत नाही. त्यासाठी रक्ताचा शाप आणू नका.

५. तिथं राहणारी माणसं

वैरी किनाऱ्यावर कोणीच राहत नाही असं लिहिलंत तर पहिल्या पानावरची माझी अट मोडली. कोणीतरी राहतंच, आणि त्यांच्याकडे खुणा असतात. डोंगरावरचं एकटं झाड आणि त्यामागचा सुळका एका रेषेत दिसले की गलबत सुरक्षित वाटेवर. झाड तोडलं की वाट गेली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात खडक पसरलेले आहेत, वाट ठाऊक असलेल्यालाच तिथं नीट जाता येतं. १६६४ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी हे कुरटे बेट निवडलं. वाईट किनारा ज्याला कळतो त्याच्यासाठी तो तटबंदी होतो.

किती लांबचं दिसतं तेही ठरवून ठेवा. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेतीननं गुणा, तितके किलोमीटर. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवर, पन्नास मीटरच्या कड्यावरून पंचवीसच्या आसपास. शत्रूचं आरमार तीन दिवस आधी क्षितिजावर दिसलं, असं एका हस्तलिखितात होतं. तीन दिवस ते तिथं थांबून काय करत होतं बाप्पा?

६. नकाशा काढा, एक नव्हे दोन

एक भरतीचा, एक ओहोटीचा. दोन्ही एकाच मापात, एकावर एक ठेवून उजेडाकडे धरता येतील असे.

मापाचं भान ठेवा. भारताचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर सांगितला जायचा, नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर निघाला. जमीन वाढली नाही. जास्त बारकाईनं मोजलं की प्रत्येक खाच, प्रत्येक खाडी हिशेबात येते आणि लांबी वाढते. म्हणून 'किनारा दोनशे कोस' असं लिहून नायिकेला दहा दिवसांत चालवू नका. गलबताचे दोनशे कोस आणि खडकांवरून पायी जाणाऱ्याचे दोनशे कोस वेगळे. नकाशावर अंतराऐवजी वेळ लिहिणं बरं: ओली घट्ट वाळू, अर्धा दिवस; खडप (खडकाळ काठ), दोन दिवस; चिखल, वाटाड्याशिवाय नाही.

नकाशावर एक जुनी खूणही ठेवा, जी आता चुकीच्या जागी आहे. सांगाडा किनाऱ्यावर १९०९ मध्ये वाळूत रुतलेलं एडुआर्ड बोहलेन हे जहाज आज समुद्रापासून काही शे मीटर आत, कोरड्या वाळवंटात पडलेलं आहे, कारण किनाराच पुढे सरकला. कच्छमध्ये १८१९ च्या भूकंपात सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि जवळच जमिनीचा लांब उंचवटा वर आला, त्याला लोक अल्लाहबंध म्हणतात. अशी एकच खूण पुरते. तीनचार टाकल्या तर संग्रहालय होतं.

७. जादू सगळ्यात शेवटी

वरच्या सहा पायऱ्या झाल्याशिवाय समुद्रदैत्य, शाप, मंतरलेले दिवे यांतलं काही घेऊ नका. झाल्यावर एकच घ्या, आणि ते एखाद्या कारणाला लावा, परिणामाला नको. 'मांत्रिकाने धुकं आणलं' हे कमी दर्जाचं. 'मांत्रिकाने थंड प्रवाह वळवला' असं म्हणा, मग परिणाम आपोआप येत जातील.

करवती किनाऱ्यावर करून पाहू. प्रवाह वळला, पाणी कोमट झालं. धुकं थांबलं, गावाला पहिल्यांदा लांबचं दिसलं, आनंदीआनंद. महिन्याभरात मासे गेले, मागोमाग सील गेले. धुक्याच्या आडोशानं लपलेलं गाव आता समुद्रावरून दिसतं. पुढच्या उधाणाला लुटारूंची गलबतं स्वच्छ उन्हात आत येतात. भरती चढलेली असते, म्हणजे करवतीचे दात झाकलेले. आणि खुणेच्या झाडाजवळ कुऱ्हाड घेऊन बसलेली म्हातारी ठरवत असते, की झाड तोडायचं की राहू द्यायचं. तोडलं तर लुटारूंची वाट जाईल, पण मासेमारीला बाहेर गेलेले तिचे दोन मुलगेही याच वाटेनं परतणार आहेत. कथा इथून तुम्ही लिहा.